सरकारी उपग्रह, खासगी रॉकेट : तुलना नेमकी कशाची करायची?

उत्तररात्र

"स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट इतकं स्वस्त पडतं, मग अमेरिकन सरकार बाकीच्यांना पैसे कशाला वाटतं?" असा प्रश्न शेजारच्या धाग्यावर निघाला होता. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकडे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्पेस फोर्सने लष्करी आणि हेरगिरीच्या उपग्रहांसाठी पाच वर्षांची कंत्राटं जाहीर केली. एकूण ५४ उड्डाणं. त्यातली २८ स्पेसएक्सला (सुमारे ५.९ अब्ज डॉलर), १९ युनायटेड लाँच अलायन्सला म्हणजे यूएलएला (५.४ अब्ज) आणि ७ ब्लू ओरिजिनला (२.४ अब्ज). सरळ भागाकार केला तर दर उड्डाणाला स्पेसएक्स २१ कोटी डॉलर, यूएलए २८ कोटी, ब्लू ओरिजिन ३४ कोटी. आणि फाल्कन ९ ची खासगी गिऱ्हाइकासाठीची जाहीर किंमत मात्र ७ कोटींच्या आसपास!

हे बघून एक गट म्हणतो यूएलए लुटतंय, दुसरा म्हणतो स्पेसएक्सही सरकार दिसलं की तिप्पट लावतं. दोघेही किंमत प्रति किलो याच फूटपट्टीने मोजतात, आणि माझा आक्षेप त्या फूटपट्टीलाच आहे. किती टन उचलतं यापेक्षा कुठल्या कक्षेत नेऊन सोडतं हे सरकारी गिऱ्हाईक आधी विचारतं.

उदाहरण घेऊ. बहुतेक व्यापारी दळणवळण उपग्रह रॉकेटकडून हस्तांतरण कक्षेत, म्हणजे वाटेतल्या लांबट कक्षेत, सोडून घेतात. तिथून ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेपर्यंत उपग्रह स्वतःच्या इंधनावर चढतो, त्यात आठवडे जातात, कधी महिने. लष्कराचे काही उपग्रह मात्र थेट भूस्थिर कक्षेत पोचवावे लागतात. म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याने पाच-सहा तास अवकाशात तरंगत राहायचं आणि मग पुन्हा इंजिन पेटवायचं. यूएलएच्या व्हल्कन रॉकेटचा वरचा टप्पा, सेंटॉर, याच कामासाठी घडवलेला आहे. द्रव हायड्रोजन, द्रव ऑक्सिजन, आरएल-१० इंजिनं, आणि मूळ घराणं १९६० च्या दशकातलं.

फाल्कनच्या वरच्या टप्प्यात हायड्रोजनच्या जागी केरोसिन असतं. शेजारच्याच टाकीत अतिथंड ऑक्सिजन. इतका वेळ थंडीत राहिलं तर केरोसिन घट्ट होऊ लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फाल्कन हेवीने (फाल्कन ९ चा थोरला भाऊ, खाली तीन बूस्टर म्हणजे तीन पहिले टप्पे शेजारी जोडलेले) यूएसएसएफ-४४ ही थेट भूस्थिर कक्षेची मोहीम केली, तिचे फोटो शोधून बघा. वरच्या टप्प्याच्या पांढऱ्या अंगावर एक करडा पट्टा दिसेल. केरोसिनच्या टाकीने ऊन शोषून घ्यावं म्हणून दिलेला तो रंग आहे. आणि त्या मोहिमेत मधला बूस्टर परत आणला नाही, समुद्रात सोडून दिला. म्हणजे ७ कोटीवालं रॉकेट आणि हे रॉकेट यांत बरंच अंतर पडलं.

तर प्रश्न असा : तुम्ही निविदा समितीत असता तर कशाला किती गुण दिले असते?

हिशेबनीस

धागा छान, पण करड्या रंगाने १४ कोटींचा फरक भरून निघत नाही हो. :)

मी नासाच्या जाहीर कंत्राटांची यादी काढून बसलो. डार्ट (लघुग्रहावर आदळवलेलं यान) ६.९ कोटी डॉलर. पेस हा समुद्र आणि वातावरण बघणारा उपग्रह ८.०४ कोटी. सेंटिनल-६ मायकेल फ्रायलिश ९.७ कोटी. सगळे फाल्कन ९ वर. फाल्कन हेवीवर सायकी ११.७ कोटी, गोज-यू हा हवामान उपग्रह १५.२५ कोटी, युरोपा क्लिपर १७.८ कोटी आणि रोमन दुर्बीण २५.५ कोटी. नासा काही कमी काटेकोर नाही. युरोपा क्लिपर पाच अब्ज डॉलरच्या घरातलं यान होतं. ते १७.८ कोटींत गुरूच्या वाटेला लागतं, मग पेंटागॉनच्याच कामाला एवढे पैसे का?

यादीतली माझी लाडकी नोंद आयएक्सपीई. क्ष-किरण दुर्बीण, वजन जेमतेम ३३० किलो, कंत्राट ५.०३ कोटी. ती विमानाखालून सोडल्या जाणाऱ्या छोट्या पेगॅसस रॉकेटच्या मापाने आखली होती. निविदेत फाल्कन ९ जिंकलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेकडो टनांच्या रॉकेटने ३३० किलो वाहून नेले. कक्षा जवळजवळ विषुववृत्तावर हवी होती आणि केप कॅनाव्हरल २८.५ अंश उत्तरेला. ती सगळी तिरकी चाल सरळ करण्यात रॉकेटची ताकद खर्ची पडली. प्रति किलो दर काढलात तर घेरी येईल, पण नासाला सौदा फायद्याचाच पडला. एवढ्यापुरती तुमची फूटपट्टीवरची टीका मान्य. बाकी भागाकार आहे तो आहे.

उत्तररात्र

@हिशेबनीस, यादीबद्दल आभार. त्या भागाकाराबद्दल एक सांगतो, तो मीच वर केलाय तरी. त्या ५.९ किंवा ५.४ अब्जांत निव्वळ उड्डाणं नसतात. उपग्रह जोडणी, गुप्ततेची व्यवस्था, सरकारी अभियंत्यांना प्रत्येक सुट्या भागाचे कागद दाखवणं, तळावरचा खर्च हेही असतं. शिवाय सोपी आणि अवघड कामं सगळ्यांना सारखी वाटलेली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या सात मोहिमा दिल्या, त्यात स्पेसएक्सला पाचांचे ७१.४ कोटी आणि यूएलएला दोनांचे ४२.८ कोटी. दर मोहिमेला १४ आणि २१ कोटी. म्हणजे अंतर आहेच, ते मी नाकारत नाही.

आणखी एक म्हणजे उभी जोडणी. फाल्कन आडवं ठेवून जोडतात, उपग्रहही आडवाच बसवतात आणि मग सगळं उभं करतात. मोठे आरसे असलेले काही हेर-उपग्रह आडवे टांगलेले चालत नाहीत. मागच्या फेरीत (२०२०, यूएलए ६० टक्के, स्पेसएक्स ४० टक्के) स्पेसएक्सला उभ्या जोडणीचा मनोरा आणि लांब फेअरिंग ही दोन्ही कामं अंगावर घ्यावी लागली. व्यापारी गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कोणी ते मागतं, म्हणून खर्च सरकारच्या बिलात.

रोहिणी_नक्षत्र

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फेअरिंग म्हणजे टोकावरचं ते कवच ना, जे वर गेल्यावर दोन भागांत उघडतं?

तन्यता

@रोहिणी_नक्षत्र, हो तेच. आणि त्याच्यावरूनच एक गोष्ट सांगते, कारण माझं काम धातूंच्या चाचण्यांशी संबंधित आहे आणि हे प्रकरण आमच्याकडे नव्या मुलांना हटकून सांगितलं जातं.

नासाचा ओसीओ उपग्रह, कार्बन डायऑक्साइड मोजणारा. फेब्रुवारी २००९, रॉकेट टॉरस एक्सएल. फेअरिंग सुटलंच नाही. ते जास्तीचं वजन घेऊन वेग पुरा झाला नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळ समुद्रात गेला. चौकशी झाली, संशयित भाग बदलले. मार्च २०११ मध्ये त्याच जातीच्या रॉकेटवर ग्लोरी गेला. पुन्हा फेअरिंग सुटलं नाही, पुन्हा समुद्र. दोन्ही मिळून ७० कोटी डॉलरहून जास्त पाण्यात.

फेअरिंगचे दोन भाग ॲल्युमिनियमच्या एका जोडपट्टीने धरलेले असतात. आत स्फोटक दोरी असते, ती उडाली की पट्टी ठरलेल्या खाचेवर तुटायला हवी. म्हणजे इथे धातूने तुटणं हेच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याची ताकद, ताण, लांबणं हे सगळं आखलेल्या मर्यादेत हवं. नासाने तपास लावून धरला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केला : पट्ट्या पुरवणाऱ्या ओरेगॉनमधल्या सापा प्रोफाइल्स कंपनीत चाचण्यांचे निकाल वर्षानुवर्षं बदलून प्रमाणपत्रं दिली जात होती. नापास मालाला पास. कंपनीने ४.६ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. नुकसानीच्या तुलनेत ही रक्कम बघा.

म्हणून "सरकारी अभियंते कागद तपासतात त्याचे पैसे" हे वाक्य मला तरी उधळपट्टी वाटत नाही. त्या दोन्ही रॉकेटांचे कागद वरवर पाहता व्यवस्थितच होते. कागदावर न थांबता नमुना कापून ताणयंत्रात लावणारा कोणीतरी लागतो, आणि त्या माणसाचा पगार कुठल्यातरी बिलात येणारच.

ओसीओ-२ सुद्धा आधी टॉरस एक्सएलवरच जाणार होता बरं का. ग्लोरी पडल्यावर ते कंत्राट रद्द झालं आणि जुन्या भरवशाच्या डेल्टा-२ वर जुलै २०१४ मध्ये तो गेला. मूळ उपग्रह पडल्यापासून पाच वर्षं.

कोरडापाऊस

तन्यताताई, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस

उत्तम माहिती, पण यातून उलटाही निष्कर्ष निघतो. टॉरस एक्सएल वर्षाकाठी एखादं उडायचं, तेही नाही. फाल्कन ९ ने २०२४ मध्ये १३० च्या वर उड्डाणं केली. एवढ्या वेळा उडणाऱ्या रॉकेटमध्ये खोटी पट्टी असेल तर ती कोणाच्या तरी इंटरनेट उपग्रहांच्या खेपेत उघडी पडेल, अब्ज डॉलरच्या हेर-उपग्रहावर नाही. जुलै २०२४ मध्ये तसंच झालं. वरच्या टप्प्यात ऑक्सिजनची गळती झाली आणि स्पेसएक्सच्याच स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांची एक खेप गेली. दोन आठवड्यांत कारण सापडून रॉकेट पुन्हा उडायला लागलं. शंभर तपासनीस जे करणार नाहीत ते शंभर उड्डाणं करतात.

तन्यता

@हिशेबनीस, बऱ्याच अंशी सहमत. पण बूस्टर परत येतो, तो उघडून बघता येतो. वरचा टप्पा आणि उपग्रह धरणारा जोड परत येत नाहीत, आणि सरकारी कामात नेमके तेच खास बनवलेले असतात. जानेवारी २०१८ मधला झुमा आठवा. फाल्कन ९ ने आपलं काम चोख केल्याचं स्पेसएक्सने सांगितलं, तरी गुप्त उपग्रह गेला. वेगळं होणारा जोड दुसऱ्या कंपनीचा होता आणि तिथेच गडबड झाल्याच्या बातम्या आल्या. शंभर स्टारलिंक खेपांनी त्या जोडाची परीक्षा होत नाही.

ओसरीवरचा

या सगळ्यात मागचा इतिहास राहतोय, थोडक्यात लिहितो. म्हणजे प्रयत्न करतो, थोडक्यात लिहिणं हा माझा प्रांत नाही.

'निदान दोन वेगवेगळी रॉकेटं हवीतच' हा अमेरिकेतला नियम हौसेतून आलेला नाही. १९८० च्या दशकात ठरलं होतं की सगळे लष्करी उपग्रह स्पेस शटलवरूनच न्यायचे, एकदाच वापरायची रॉकेटं हळूहळू बंद. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर कोसळलं. राखीव म्हणून ठेवलेल्या टायटन ३४डीचा ऑगस्ट १९८५ मध्ये एक अपघात झालेलाच होता, एप्रिल १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावर दुसरा. मे महिन्यात डेल्टा रॉकेट गेलं, हवामान उपग्रहासकट. काही महिने अमेरिकेकडे मोठा उपग्रह वर न्यायचा धड मार्गच नव्हता, आणि तेही शीतयुद्ध चालू असताना.

पुढचा धक्का १९९८-९९ चा. टायटन-४ ची लागोपाठ तीन अपयशं. तिसरं वाचून मी खुर्चीत नीट बसलो होतो. ३० एप्रिल १९९९, मिलस्टार हा लष्करी दळणवळण उपग्रह, एकट्या उपग्रहाची किंमत ८० कोटी डॉलरच्या आसपास. वरच्या टप्प्याच्या संगणकात एक स्थिरांक भरायचा होता, उणे १.९९२४७६. भरणाऱ्याने भरलं उणे ०.१९९२४७६. दशांशचिन्ह एक घर सरकलं. त्यामुळे यानाला आपण स्वतःभोवती किती फिरतोय याचा अंदाज दहापट कमी येत राहिला, ते सावरायला त्याने नियंत्रणाचं इंधन संपवलं आणि उपग्रह निरुपयोगी कक्षेत जाऊन पडला. रॉकेटात यांत्रिक दोष काही नव्हता. उड्डाणाआधीच्या तपासणीत काहींना आकडे विचित्र दिसले होते, पण प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला गेला नाही.

त्यानंतर मोठी चौकशी बसली आणि तन्यताताई म्हणतात ती तपासणीची फौज तिथून वाढली. अमेरिकेत सरकार उपग्रहाचा विमा उतरवत नाही, गेला तर गेला. खासगी कंपनी विम्याचा हप्ता भरते, सरकार तोच पैसा तपासणीत घालतं, असा माझा हिशेब.

पुढे २००६ मध्ये बोइंग आणि लॉकहीड मार्टिन यांनी एकत्र येऊन यूएलए काढली. ॲटलस-५ आणि डेल्टा-४ अशी दोन रॉकेटं राहिली, पण दुकान एकच झालं. भाव चढले. ॲटलसचं मुख्य इंजिन आरडी-१८० रशियन होतं! २०१४ मध्ये क्रिमियाचं प्रकरण झालं, अमेरिकन काँग्रेसने त्या इंजिनावर बंधनं आणली, त्याच वर्षी स्पेसएक्सने हवाई दलाला कोर्टात खेचलं आणि मे २०१५ मध्ये फाल्कन ९ ला लष्करी कामाचं प्रमाणपत्र मिळालं. आजची स्पर्धा या भांडणातून आलेली आहे.

परिघ

ओसरीवरचा यांच्या प्रतिसादाला धरूनच विचारतो. दोन रॉकेटं हवीत म्हणता, मग तिसरं घेताना डोळे मिटले होते का? व्हल्कनच्या पहिल्या टप्प्यात दोन बीई-४ इंजिनं. ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेन रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सात बीई-४ इंजिनं. बनवणारी कंपनी एकच, ब्लू ओरिजिन. उद्या बीई-४ मध्ये मूलभूत दोष निघाला तर तीनपैकी दोन पुरवठादार एकाच सकाळी जमिनीवर. कागदावर तीन, प्रत्यक्षात दोन, आणि दुसरा कोण हे इंजिन बनवणाऱ्याच्या हातात.

त्यात व्हल्कनचे घन इंधनाचे बूस्टर. ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या उड्डाणात एका बूस्टरचं नोझल हवेतच गळून पडलं. चित्रफीत बघा, सदतीसाव्या सेकंदाच्या आसपास ठिणग्यांचा लोट निघतो आणि ज्वाला वाकडी होते. मुख्य इंजिनांनी तोल सावरला, यान कक्षेत पोचलं, हे मान्यच करायला हवं. पण प्रमाणपत्र मार्च २०२५ पर्यंत लांबलं.

उत्तररात्र

@परिघ, माझ्या मते या धाग्यातला हा सगळ्यात टोकदार मुद्दा आहे, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो जवळपास कधीच दिसत नाही. तक्त्यात रकाने असतात ते टनांचे : फाल्कन ९ खालच्या कक्षेत २२.८ टन (बूस्टर परत न आणता), व्हल्कन २७.२, न्यू ग्लेन ४५. 'कशामुळे दोन्ही एकदम बंद पडतील' हा रकाना कोणी आखत नाही.

बचावात एवढंच म्हणेन की वरचे टप्पे वेगळे आहेत, तळ वेगळे, संगणक वेगळे. आणि फाल्कन पूर्णपणे निराळं आहे, केरोसिनवरची मर्लिन इंजिनं. म्हणजे दोन स्वतंत्र वाटा उरतात. तिसरी अर्धीच स्वतंत्र. जून २०२५ मध्ये ट्रम्प आणि स्पेसएक्सचे मस्क यांच्यात जाहीर बाचाबाची झाली, कंत्राटं रद्द करण्याच्या आणि स्पेसएक्सचं ड्रॅगन यान बंद करण्याच्या धमक्या एकाच दिवशी दिल्या गेल्या. ते शब्द नंतर हवेत विरले, पण एकाच कंपनीवर अवलंबून राहण्यात तांत्रिक दोषाखेरीज दुसरी जोखीम काय असते ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. त्या जोखमीपुरतं व्हल्कन आणि न्यू ग्लेन हे दोन्ही उपयोगाचे, इंजिन एक असलं तरी.

हिशेबनीस

म्हणजे यूएलएचे २१ आणि स्पेसएक्सचे १४ कोटी यांतला फरक हा विम्याचा हप्ता समजायचा. ठीक. हप्ता जरा जास्तच आहे असं नोंदवून ठेवतो.

कोरडापाऊस

युरोपवाल्यांचं काय? त्यांनी हप्ता भरला नाही असं दिसतंय. २०२२ मध्ये रशियाने आपलं सोयूझ रॉकेट काढून घेतलं. त्याच डिसेंबरात युरोपचं छोटं रॉकेट व्हेगा-सी पडलं, दुसऱ्याच उड्डाणात. मोठं रॉकेट एरियन-५ संपत आलेलं आणि त्याच्या जागी येणारं एरियन-६ तयार नाही. शेवटी यूक्लिड दुर्बीण २०२३ मध्ये फाल्कन ९ वर गेली, आणि २०२४ मध्ये गॅलिलिओचे उपग्रहसुद्धा. गॅलिलिओ म्हणजे अमेरिकेच्या जीपीएसवर अवलंबून राहायला नको म्हणून काढलेली यंत्रणा! ती अमेरिकन भूमीवरून न्यायची तर आतल्या गुप्त उपकरणांसाठी युरोपीय संघाला अमेरिकेशी वेगळा सुरक्षा करार करावा लागला.

ओसरीवरचा

@कोरडापाऊस, याहून बोचरं युमेटसॅट या युरोपीय हवामान-उपग्रह संस्थेचं. जून २०२४ च्या अखेरीस त्यांनी एमटीजी-एस१ हा हवामान उपग्रह एरियन-६ वरून काढून फाल्कन ९ ला दिला. एरियन-६ चं पहिलं उड्डाण त्यानंतर दोनेक आठवड्यांत, ९ जुलैला झालं. पॅरिसमध्ये काय संताप झाला असेल! पण युमेटसॅटच्या खुर्चीतून पाहा. तो एरियन-६ च्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांपैकी एकावर जाणार होता, आणि उपग्रह त्याच्या जातीचा पहिलाच. जुलै २०२५ मध्ये तो सुखरूप गेला.

फ्रान्सने स्वतःचा हेर-उपग्रह सीएसओ-३ मात्र एरियन-६ साठीच थांबवून ठेवला आणि मार्च २०२५ मध्ये, त्या रॉकेटच्या दुसऱ्याच उड्डाणात, वर नेला. एकाच खंडातली दोन सरकारी गिऱ्हाइकं, एकच रॉकेट, आणि उत्तरं उलटी. दोन्ही मला बरोबर वाटतात. हवामानवाल्याला प्रतिमा हव्यात, सैन्याला आपला उपग्रह दुसऱ्याच्या तळावर न्यायचाच नाही.

थांबण्याचीही किंमत असते हे मात्र कोणी लिहीत नाही. सेंटिनल-१बी हा रडार उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्याच्या बिघाडाने बंद पडला. बदली म्हणून सेंटिनल-१सी व्हेगा-सीवर जाणार, आणि व्हेगा-सी जमिनीवर. डिसेंबर २०२४ पर्यंत एकट्या सेंटिनल-१ए ने गाडा ओढला. त्या तीन वर्षांत पूर आणि भूकंपाच्या ज्या प्रतिमा मिळाल्या नाहीत त्यांचा दर कुठल्याच निविदेत लागत नाही.

रोहिणी_नक्षत्र

इस्रोचा जीसॅट-एन२ पण फाल्कन ९ वर गेला होता ना? तेव्हा बऱ्याच जणांना ते कमीपणाचं वाटलं होतं.

परिघ

हो, नोव्हेंबर २०२४, केप कॅनाव्हरलहून. वजन ४,७०० किलो. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटची हस्तांतरण कक्षेतली क्षमता ४ टनांच्या आसपास. बसत नव्हता, म्हणून बाहेरून नेला. त्याआधी जीसॅट-११, तब्बल ५,८५४ किलोचा, २०१८ मध्ये एरियन-५ वर गेला होता, तेव्हा कोणी एवढं बोललं नव्हतं. यात कमीपणा कसला? उलट नौदलासाठीचा सीएमएस-०३, सुमारे ४,४०० किलोचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये एलव्हीएम-३ नेच नेला, हस्तांतरण कक्षेचं दूरचं टोक नेहमीपेक्षा खाली ठेवून. उरलेली चढण उपग्रहाने चढायची. ब्रॉडबँडवाला जीसॅट-एन२ बाहेरच्या रॉकेटवर, सैन्याचा घरच्या रॉकेटवर. फ्रान्सचंच गणित.

आणि उलट्या दिशेनेही बघा. २०२२ मध्ये वनवेब कंपनीचे ३६ इंटरनेट उपग्रह बैकानूरला रशियन रॉकेटवर चढून तयार होते, रशियाने अटी घातल्या, आणि ते तिथेच राहिले. नंतर वनवेबच्या दोन खेपा एलव्हीएम-३ ने नेल्या. एका ठिकाणी वाट अडली तर उपग्रह उचलून दुसऱ्या रॉकेटवर ठेवता येणं, याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

उत्तररात्र

@परिघ, त्यावर जीपीएसचं उदाहरण चपखल आहे. जीपीएस-३ मालिकेचा सातवा उपग्रह व्हल्कनला दिलेला होता. व्हल्कनचं प्रमाणपत्र रखडलं. स्पेस फोर्सने तो काढून फाल्कन ९ ला दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये वर नेला. अशा मोहिमेच्या तयारीला एरवी दीड-दोन वर्षं जातात, इथे काही महिन्यांत उरकलं. यूएलएला बदल्यात पुढची मोहीम दिली. आठव्या उपग्रहाचंही मे २०२५ मध्ये असंच झालं.

हे जमलं कारण जीपीएस-३ ची आखणीच एकाहून जास्त रॉकेटांना जुळेल अशी केली होती. जोड, कंपनांची मर्यादा, केबलींची जागा, सगळं. त्याचे पैसे उपग्रहाच्या अंदाजपत्रकात गेले, रॉकेटच्या नाही. म्हणून रॉकेटांच्या तुलनेत ते कधी दिसतच नाहीत.

तन्यता

कंपनांबद्दल एकच भर. घन बूस्टर लावलेलं रॉकेट आणि निव्वळ द्रव इंधनाचं रॉकेट यांची थरथर सारखी नसते, आणि दोन्हींसाठी उपग्रह पास करायचा तर चाचणी दोन्हींतल्या वाईट आकड्यावर करावी लागते. उपग्रह थोडा जड होतो. फुकट काही नाही.

हिशेबनीस

शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. नव्या छोट्या कंपन्यांना सरकार दारात उभं करतं का? का हा सगळा तिघांचाच खेळ?

ओसरीवरचा

करतं, पण वेगळ्या दाराने. याच फेरीत दोन लेन आहेत. वर उत्तररात्र यांनी दिलेले ५४ वगैरे आकडे लेन-२ चे, तिथे अपयश चालतच नाही. लेन-१ जरा धोका पत्करता येईल अशा उपग्रहांची, म्हणजे शेकड्याने पाठवायचे छोटे उपग्रह, एक खेप गेली तरी यंत्रणा उभी राहते. कमाल मर्यादा ५.६ अब्ज डॉलर. जून २०२४ मध्ये तिथेही हेच तिघे होते, मार्च २०२५ मध्ये रॉकेट लॅब आणि स्टोक स्पेस आत आले. त्या वेळी दोघांचंही त्या वर्गातलं रॉकेट एकदाही उडालेलं नव्हतं.

मेख अशी की यादीत नाव आलं तरी एक यशस्वी उड्डाण दाखवल्याशिवाय प्रत्यक्ष कामासाठी बोली लावता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेन-१ ची पहिली नऊ उड्डाणं दिली, ७३.३ कोटी डॉलर. सगळीच्या सगळी स्पेसएक्सला. भागाकार तुम्ही करालच.

हिशेबनीस

८.१ कोटी. हा आकडा मला आवडला.